मुलाखती घेतल्या म्हणजे फिनॉमिनॉलॉजी झाली का?

प्रश्न एका विद्यार्थिनीचा आहे. समाजकार्य विषयातील पदव्युत्तर प्रबंधासाठी त्या गोव्यातील डिचोली आणि सत्तरी भागांतील खनिजवाहू ट्रकमालकांचा खाणबंदीनंतरचा अनुभव अभ्यासत आहेत. मार्गदर्शकांनी ‘पद्धत म्हणून फिनॉमिनॉलॉजी घ्या’ असे सुचवले; गोष्टी अनुभवाला कशा येतात याचे वर्णन करण्याची ही पद्धत. त्यानुसार त्यांनी मुलाखती घेतल्या, त्यांतून समान मुद्दे वेचून काढले, आणि आता पद्धतीचे प्रकरण लिहायला बसल्यावर त्यांना तीन शंका आल्या आहेत. लोकांना त्यांचा अनुभव विचारणे हीच फिनॉमिनॉलॉजी का? ही मुळात तत्त्वज्ञानातली पद्धत असेल, तर तत्त्वज्ञानाला पद्धत असते का, की ते शेवटी ज्याचे त्याचे मतच? आणि ‘संशोधकाने आपले पूर्वग्रह बाजूला ठेवले’ हे एक वाक्य लिहिले म्हणजे काम भागते का?

मी दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण ती तशीच राहिली तर पहिलीचे उत्तर म्हणजे पाठ्यपुस्तकातली व्याख्या उतरवून देणे एवढेच ठरेल.

तत्त्वज्ञाला पद्धत नसते असे वाटण्याचे कारण उघड आहे. रसायनशास्त्रज्ञाकडे प्रयोगशाळा असते, इतिहासकाराकडे पुराभिलेखातले दस्तऐवज असतात. तत्त्वज्ञाकडे इतरांना ठाऊक नसलेली अशी कोणतीच माहिती नसते. त्यात आपल्याकडे ‘तत्त्वज्ञान’ हा शब्द बहुतेकांच्या कानावर प्रथम कीर्तनातून किंवा प्रवचनातून पडतो, त्यामुळे ऐकणारा उपदेशाची अपेक्षा धरून बसतो. प्रवचनाचे स्वतःचे स्थान आहेच. पण तत्त्वज्ञानाचे काम निराळे आहे: आपण सारे रोज ज्यांवर भिस्त ठेवून बोलतो त्या कल्पना तपासून पाहणे. मत मांडणाऱ्याला मत मांडून थांबता येते. तत्त्वज्ञान करणाऱ्याला आपले म्हणणे कोणत्या उदाहरणाने मोडेल, हेही दाखवावे लागते. ही जबाबदारी पत्करली की पद्धतीचा प्रश्न आपोआप उभा राहतो.

न्यायदर्शन ही भारतीय तर्कपरंपरा; तिच्या मूळ ग्रंथावरील, म्हणजे न्यायसूत्रांवरील, भाष्यात वात्स्यायनाने शास्त्राची प्रवृत्ती तीन प्रकारची सांगितली आहे: उद्देश, लक्षण आणि परीक्षा. आधी ज्याचा विचार करायचा त्याचे नाव घ्यायचे, मग ते इतर गोष्टींपासून वेगळे करणारे लक्षण सांगायचे, आणि शेवटी ते लक्षण टिकते का ते तपासायचे. तुमच्याच विषयातला शब्द घेऊ: नुकसान. तुमच्या मुलाखतींत तो पानोपानी असणार. त्याचे लक्षण काय? ‘जवळ असलेली वस्तू जाणे’ असे म्हटले, तर ट्रक कुठे गेला आहे? तो दारातच उभा आहे. म्हणजे ज्याला आपण निःसंशय नुकसान म्हणतो तेच या लक्षणात बसत नाही. न्यायदर्शनाच्या भाषेत ही अव्याप्ती. मग ‘अपेक्षित उत्पन्न न मिळणे’ असे म्हणू. पण लॉटरीचे तिकीट काढून ज्याला बक्षीस लागले नाही त्यालाही अपेक्षित उत्पन्न मिळालेले नसते, आणि त्याचे आपण नुकसान झाले असे त्या अर्थाने म्हणत नाही, ही अतिव्याप्ती. तिसरा प्रयत्न करू: ‘ज्यावर रास्तपणे विसंबून आयुष्याची मांडणी केली ते निघून जाणे’. हे जास्त जवळचे वाटते, पण ‘रास्तपणे’ या एका शब्दाने नवा प्रश्न आणला. २०१२ मध्ये खाणी थांबल्या. २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खाणपट्ट्यांची मुदत २००७ मध्येच संपली होती असे ठरवले. २०१८ मध्ये पट्ट्यांचे पुन्हा केलेले नूतनीकरणही रद्द झाले. मग मधल्या वर्षांत कर्ज काढून ट्रक घेणाऱ्याचे विसंबणे रास्त होते की नव्हते? पट्टा त्याच्या नावावर नव्हता, त्याची मुदत त्याला कोणी सांगितली नव्हती, बँकेने त्याच धंद्यावर कर्ज दिले होते. कोणाचे विसंबणे रास्त ठरवायचे आणि कोणत्या कसोटीवर, याचा विचार झाल्याशिवाय ‘नुकसान’ हा शब्द तुमच्या प्रबंधात नीट उभाच राहू शकत नाही. इथे आपण नवी माहिती एकही मिळवली नाही, तरी सुरुवातीला होतो तिथे आता नाही. तत्त्वज्ञानाची पद्धत म्हटली जाते ती बऱ्याच अंशी ही.

प्रत्युदाहरणाने लक्षण मोडणे ही चाल भारतात आणि युरोपात सारखीच खेळली गेली आहे. १९६३ मध्ये एडमंड गेटियर यांनी अवघ्या तीन पानांचा लेख लिहून ‘ज्ञान म्हणजे समर्थनीय आणि सत्य अशी समजूत’ हे लक्षण अपुरे असल्याचे दाखवले, आणि त्या लेखावर आजही वाद चालू आहेत. पण आठव्या शतकातल्या धर्मोत्तर या बौद्ध तार्किकाने त्याच जातीचे उदाहरण दिले होते: मांस भाजण्यासाठी नुकताच विस्तव पेटवला आहे, धूर अजून निघालेला नाही, वर किड्यांचा थवा घोंघावतो आहे, आणि दुरून पाहणारा त्यालाच धूर समजून ‘तिथे अग्नी आहे’ असे म्हणतो. अग्नी खरोखर आहे, अनुमानही रीतसर केले आहे, तरी त्याला ज्ञान झाले असे म्हणवत नाही. याशिवायही पद्धती आहेत. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुन प्रतिपक्षाचेच म्हणणे गृहीत धरून त्यातून विसंगती काढतो. कांट १७८१ मध्ये विचारतो की आपल्याला अनुभव येतोच आहे, तर तो येण्यासाठी काय काय आधीच असावे लागेल. विट्गेन्स्टाइनच्या उत्तरकाळातले लेखन शब्दांचा प्रत्यक्ष वापर पाहायला लावते. या साऱ्यांची जंत्री तुमच्या प्रबंधात नको. एवढेच लक्षात ठेवा की फिनॉमिनॉलॉजी ही या कुटुंबातली एक पद्धत आहे आणि तिचा आग्रह असा आहे: युक्तिवादाला बसण्याआधी, ज्याच्याविषयी वाद घालायचा ते आपल्याला कसे प्रतीत होते याचे नीट वर्णन झाले पाहिजे; घाईने केलेले वर्णन हेच बहुतेक खोट्या वादांचे मूळ असते.

मराठीत तिला रूपविवेचनशास्त्र म्हणतात. तिचा प्रवर्तक एडमंड हुसर्ल (१८५९–१९३८) मूळचा गणितज्ञ. १८८३ मध्ये व्हिएन्नात गणितात डॉक्टरेट मिळवल्यावर तो फ्रान्त्स ब्रेन्टानोच्या व्याख्यानांकडे ओढला गेला. ‘मन नेहमी कशाकडे तरी रोखलेले असते’ ही ब्रेन्टानोने १८७४ मध्ये पुढे आणलेली कल्पना त्याने उचलली: पाहणे म्हणजे काहीतरी पाहणे, भिणे म्हणजे कशाला तरी भिणे. अंकगणितावरच्या हुसर्लच्या १८९१ च्या पुस्तकावर तर्कशास्त्रज्ञ गोटलोब फ्रेगेने १८९४ मध्ये कडक टीका केली. संख्येचा विचार आणि संख्या यांत तो गल्लत करतो, असा तिचा रोख होता. या टीकेचा त्याच्यावर कितपत परिणाम झाला याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, पण १९०० मध्ये त्याच्या तर्कशास्त्रीय शोधांचा पहिला खंड आला तेव्हा तर्काचे नियम म्हणजे मनाचे नियम या मताचा तो स्वतःच कट्टर विरोधक झाला होता. दोन आणि दोन चार हे मोजण्याची क्रिया माझ्या मनात सकाळी आठ वाजता घडते, पण दोन आणि दोन चार होणे काही आठ वाजता घडत नाही.

हा इतिहास मी मुद्दाम सांगतो आहे. फिनॉमिनॉलॉजी म्हणजे ‘ज्याचा त्याचा अनुभव, ज्याचे त्याचे सत्य’ असा समज प्रबंधांतून सर्रास आढळतो, आणि ही पद्धत जन्मली ती नेमकी त्या वृत्तीशी भांडत. तिला व्यक्तीच्या मनात काय घडले याची नोंद नको असते; वस्तू अनुभवाला येते ती कोणत्या घडणीने येते, हे हवे असते.

एक उदाहरण जवळून पाहू. मंगेशीच्या देवळासमोर उभे राहून दीपस्तंभाकडे पाहा. डोळ्यांना दिसते ती तुमच्याकडची बाजू. तरीही ‘मी दीपस्तंभाची पुढची बाजू पाहिली आणि मागची असेल असे अनुमान केले’ असे तुम्ही कधी म्हणत नाही. तुम्ही दीपस्तंभ पाहता. न दिसणारी बाजू डोळ्यांपुढे नाही, पण पाहण्यात सामील आहे. कशावरून? मागे जाऊन पाहिले आणि तो उत्सवातल्या नाटकाच्या नेपथ्यासारखा पुठ्ठ्याचा निघाला, तर तुम्ही दचकाल. हे दचकणे अनुमान चुकल्याचे नव्हे, पाहणेच फसल्याचे असेल. म्हणजे प्रत्येक दिसण्यात ‘आणखी काय दिसेल’ याची एक अपेक्षा आधीपासून विणलेली असते. हुसर्ल तिला क्षितिज म्हणतो. आता लक्षात घ्या, मी माझ्या मनाविषयी एक अक्षरही सांगितले नाही. मला प्रसन्न वाटले की नाही, कोणती आठवण आली, हे सारे वगळले. जे सांगितले ते तुम्ही तिथे उभे राहून तपासू शकता, आणि चुकीचे वाटले तर मला खोडू शकता.

आत्मनिरीक्षणात आणि फिनॉमिनॉलॉजीत असलेला फरक हाच. आत्मनिरीक्षणाच्या मानसशास्त्राची विसाव्या शतकाच्या आरंभी जी कोंडी झाली ती प्रसिद्ध आहे: एका प्रयोगशाळेतले निरीक्षक म्हणत की प्रतिमेवाचून विचार आम्हाला जाणवतो, दुसरीतले म्हणत की जाणवत नाही, आणि निवाडा करायला साधनच नव्हते. कंटाळून मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसनने १९१३ मध्ये मन हा विषयच मानसशास्त्रातून काढून टाका असे सुचवले. योगायोग असा की हुसर्लचे शुद्ध फिनॉमिनॉलॉजीची मांडणी करणारे पुस्तकही १९१३ चेच. मनाविषयीच्या सैल बोलण्यावरचे हे दोन उपाय एकाच वर्षी आले आणि एकमेकांच्या अगदी उलट दिशेला गेले.

आता ‘बाजूला ठेवण्या’कडे वळतो, कारण तुमची तिसरी शंका तिथली आहे आणि सर्वांत जास्त गोंधळही तिथेच आहे. हुसर्लने त्यासाठी एपोखे हा ग्रीक शब्द वापरला. देकार्तने १६४१ मध्ये जग खरोखर आहे का असा संशय घेतला. हुसर्ल संशय घेत नाही. तो म्हणतो, जग आहे ही आपली समजूत तशीच राहू द्या, पण वर्णन करताना ती वापरू नका. या क्रियेचा संशोधकाच्या पक्षपाताशी थेट संबंध नाही. खाणबंदीविषयी तुमचे जे मत असेल, म्हणजे ती पर्यावरणासाठी आवश्यक होती किंवा गरिबांच्या पोटावर आली, ते दूर ठेवणे हा संशोधनातला साधा प्रामाणिकपणा आहे आणि तो आकडेवारीच्या अभ्यासातही लागतो. डेन्मार्कचे तत्त्वज्ञ डॅन झाहावी यांनी अलीकडच्या काळात हे आग्रहाने मांडले आहे की मुलाखतींवर आधारलेल्या उपयोजित संशोधनाला हुसर्लच्या एपोखेची गरजच नाही, आणि तिचे नाव घेऊन जे केले जाते ते बहुधा दुसरेच काहीतरी असते. मला त्यांचे म्हणणे पटते. त्यामुळे ‘मी एपोखे केली’ हे वाक्य तुमच्या प्रकरणातून काढून टाका. त्याऐवजी कोणती स्पष्टीकरणे तुम्ही वर्णनाच्या टप्प्यावर वापरली नाहीत, ते नावानिशी लिहा: ‘ट्रकमालक हे कर्जबाजारीपणाचे बळी आहेत’, ‘ते राजकीय पुढाऱ्यांच्या भाषेत बोलतात’, ‘हा नैराश्याचा प्रकार आहे’. ही तिन्ही विधाने खरी असू शकतात. पण तिन्ही अनुभवाचे कारण सांगतात. अनुभव कसा होता ते एकही सांगत नाही.

पूर्णपणे बाजूला ठेवणे शक्य आहे का, हा प्रश्न हुसर्लच्या वारसांनीच विचारला. मार्टिन हायडेगरने १९२७ मध्ये म्हटले की आपण जगाकडे दुरून पाहणारे प्रेक्षक कधीच नसतो, आपण त्यात गुंतलेलेच असतो. मॉरिस मेर्लो-पाँतीने १९४५ मध्ये आणखी नेमके लिहिले: या क्रियेतून मिळणारा सर्वांत मोठा धडा असा की ती पूर्णत्वाला नेता येत नाही. यावरून काहीजण ‘म्हणजे पद्धत फसली’ असा निष्कर्ष काढतात. मला तो उतावीळ वाटतो. आधीची भिस्त कुठे सुटत नाही हे कळणे, हाही वर्णनाचाच भाग आहे.

इथे एक विषयांतर क्षम्य ठरावे. आपल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांनी बौद्ध विचार मराठीत आणला, आणि वेदनांकडे व चित्ताकडे सावधपणे पाहण्याची ‘सती’ची (पाली शब्द, अर्थ सजगता) साधना त्या विचाराच्या गाभ्याशी आहे. एपोखेचे वर्णन ऐकून विद्यार्थी हमखास विचारतात की हे तेच का. साम्य आहे, दोन्हींत प्रतिक्रियेच्या आधी थांबायचे असते. पण तिथले पाहणे दुःखाच्या निरोधासाठी आहे आणि इथले ज्ञानासाठी. भारतीय विचार आणि हुसर्ल यांची गाठ काळजीपूर्वक कशी घालावी हे पाहायचे असेल तर तत्त्वज्ञ जितेंद्रनाथ मोहंती यांचे काम पाहावे. त्यांनी हुसर्ल आणि नव्यन्याय या न्यायदर्शनाच्या उत्तरकालीन शाखेतला गंगेश या दोघांवरही त्यांच्या मूळ भाषांतून अधिकाराने लिहिले. साम्य दिसले की ‘हे आपल्याकडे आधीच होते’ म्हणून वही मिटणे त्यांनी केले नाही.

आता तुमच्या मुलाखतींवर येतो. तुमचे समान मुद्दे काय असतील याचा अंदाज मला करता येतो: आर्थिक ताण, अनिश्चितता, कुटुंबावरील परिणाम, शासनाविषयी राग. हे सारे खरे असणार, पण ते ट्रकमालकांना न भेटताही लिहिता आले असते, आणि नेमकी इथेच मला अडचण वाटते. हे विषयवार वर्गीकरण आहे. समाजकार्यात त्याचा उपयोगही आहे, पण ते फिनॉमिनॉलॉजी नव्हे. फिनॉमिनॉलॉजी सुरू होते ती एखादी गोष्ट पुढ्यात घेऊन ‘ही त्याला कोणत्या रूपात प्रतीत होते’ असे विचारल्यावर. तुमच्या विषयात ती गोष्ट समोरच आहे: अंगणात उभा असलेला ट्रक.

हायडेगरचे एक विश्लेषण इथे कामाला येते. हातोडीने काम चालू असते तेव्हा हातोडीकडे आपले लक्ष नसते. लक्ष खिळ्यावर, फळीवर, होणाऱ्या घरावर असते. हातोडी मोडली की ती एकाएकी ‘वस्तू’ म्हणून डोळ्यांत भरते, आणि ती ज्या कामांच्या साखळीत बसलेली होती ती साखळीही तेव्हाच जाणवते. धंदा चालू असताना ट्रकही असाच दिसेनासा झालेला होता. दिसत होत्या त्या ट्रिपा, वजनकाटा, धक्क्यावरची रांग, महिन्याचा हप्ता. पण फरक पाहा. हातोडी मोडते, हा ट्रक मोडलेला नाही. चावी फिरवली तर तो सुरू होईल, रस्ता आहे, धक्काही आहे. सगळी साधने शाबूत असून ज्यासाठी ती होती तेवढेच काढून घेतले आहे. दुरुस्ती ही गोष्ट इथे लागूच पडत नाही. मोडलेल्या वस्तूचा अनुभव आणि निरर्थक झालेल्या धडधाकट वस्तूचा अनुभव यांत काय फरक आहे, हे हायडेगरच्या उदाहरणातून कळत नाही. तुमच्या माहितीतून कळू शकेल. ट्रकमालक त्याला धुतो का? त्यावर ताडपत्री घालतो का? त्याच्या सावलीत दुचाकी लावतो का? ‘ट्रक विकणार का’ असे कोणी विचारले तर उत्तराआधी काय होते? असे प्रश्न तुम्ही विचारले नसतील तर पुन्हा एकदा जाऊन विचारायला हवेत.

दुसरी गोष्ट काळ. हुसर्लने १९०५ च्या व्याख्यानांत सुरावटीचे उदाहरण घेतले: एका क्षणी एकच सूर वाजतो, तरी आपण सुरावट ऐकतो, कारण नुकताच गेलेला सूर आठवणीत जाण्याआधी ‘आत्ताच गेलेला’ म्हणून धरून ठेवलेला असतो आणि येणाऱ्याकडे ऐकणे आधीच झुकलेले असते. गोव्यात हे समजावणे सोपे जाते. देवळाच्या चौकात भजन चालू आहे, तबल्यावर तिहाई (एकच बोल तीनदा वाजवून समेवर येणे) सुरू झाली की मात्रा मोजता न येणाऱ्याची मानही समेवर नेमकी पडते; तिहाई एका मात्रेने चुकली तर त्यालाही खटकते, आणि काय चुकले ते त्याला सांगता येत नाही. सम येण्याआधी ती ऐकण्यात आलेली असते. आता ट्रकमालकाचे वर्ष पाहा. खाणी चालू असतानाही जून ते सप्टेंबर वाहतूक थांबलेलीच असे आणि ट्रक दारात उभाच असे. बाहेरून पाहणाऱ्याला तो उभा ट्रक आणि हा उभा ट्रक एकच. पण त्या उभे राहण्यात ऑक्टोबर होता. पावसाळ्यातले थांबणे म्हणजे डागडुजी, टायर, पासिंग. पुढचा हंगाम त्या थांबण्याच्या आतच होता. बंदीनंतर ऑक्टोबर दरवर्षी येत राहिला, फक्त त्याने काही सुरू होईना. मधल्या काळात खाणी थोड्या सुरू होऊन २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, तेव्हा तर आशेलाच धसका बसला असणार. वाट पाहणे आणि अडकून पडणे यांत फरक आहे असे आपण सहज म्हणतो. तो फरक काळाच्या या घडणीत शोधा.

शोधायचा कसा, यासाठी हुसर्लची आणखी एक युक्ती आहे: उदाहरण कल्पनेत बदलत जायचे आणि कशाच्या बदलाने ते मोडते ते पाहायचे. बसची वाट पाहणे घ्या. बस कधी येईल हे माहीत नसले तरी ते वाट पाहणेच. रुग्णालयाबाहेर निकालाची वाट पाहणे घ्या. जे येणार ते नकोसे असले तरी ते वाट पाहणेच. आता असे समजा की जे यायचे ते येऊ शकते हेच वाटेनासे झाले, पण निघून जाताही येत नाही, कारण कर्ज आहे, ट्रक आहे, दुसरे काम हाताला बसलेले नाही. इथे वाट पाहणे मोडते. म्हणजे येणाऱ्या गोष्टीची खात्री गरजेची नाही, ती हवीहवीशी असणेही गरजेचे नाही, पण ती शक्य वाटणे गरजेचे आहे. हे वाक्य मी खुर्चीत बसून मिळवले आहे, म्हणून ते कच्चे आहे. तुमच्या मुलाखतींतले कोणीतरी ‘सुरू होणार नाही हे पक्के ठाऊक आहे, तरी रोज सकाळी ट्रककडे बघतोच’ असे म्हणाले असेल, तर माझे लक्षण मोडले आणि तुमच्या हाती काहीतरी लागले. धर्मोत्तराच्या किड्यांच्या थव्याचे जे काम, तेच या एका वाक्याचे.

शरीर ही तिसरी बाजू. गाडी चालवणारा अरुंद जागेतून जाताना रुंदी मोजत नाही, गाडीची रुंदी त्याच्या अंगात भिनलेली असते, हे मेर्लो-पाँतीचे निरीक्षण आपल्या गावांतल्या रस्त्यांवरून भरलेला ट्रक नेणाऱ्याला सांगावे लागत नाही. अनेक वर्षे ट्रक न चालवलेल्या माणसाच्या शरीरात त्या रुंदीचे काय होते, हे विचारण्याजोगे आहे. मात्र मालक आणि चालक एकच नसतील तर हा प्रश्न चालकाला विचारा. तुमच्या यादीत केवळ मालक असतील तर ती उणीव आहे.

लिहिताना लोकांची कोंकणी वाक्ये तशीच ठेवा आणि वर्णन त्यांच्या खाली मराठीत करा. ‘सहभागींना हताश वाटले’ अशी वाक्ये शक्यतो टाळा. हताश वाटणे म्हणजे काय हेच तर सांगायचे आहे. अमेडिओ जोर्जी, मॅक्स व्हॅन मॅनेन, जोनाथन स्मिथ यांच्या मुलाखतींच्या पद्धती वेगवेगळ्या आहेत आणि त्यांत आपापसांत वादही आहेत. त्यांतली एकच घ्या आणि तिन्हींची मोळी बांधू नका. कोणती घ्यावी याबद्दल माझा आग्रह नाही, पण वर्णनाला सर्वाधिक चिकटून राहणारी जोर्जींची आहे.

बंदी न्याय्य होती की नव्हती, भरपाई कोणाला किती द्यावी, याचे उत्तर या पद्धतीतून निघणार नाही. एखादी गोष्ट दुःसह म्हणून अनुभवाला आली एवढ्यावरून ती अन्याय्य ठरत नाही. धुळीने माखलेल्या बागायती आणि गाळाने भरलेली शेते ज्यांची होती, त्यांचाही अनुभव आहेच. तिथे ‘रास्त विसंबणे’ याविषयीचा आधी सुरू केलेला युक्तिवाद लागेल, आणि तो वेगळ्या प्रकरणात, वेगळ्या पद्धतीने करावा लागेल. वर्णनाच्या प्रकरणात त्याला शिरू देऊ नका.

तोंडी परीक्षेत ‘एवढ्या थोड्या मुलाखतींवरून निष्कर्ष कसा काढला’ असा प्रश्न येईल. नमुना लहान असल्याची माफी मागत बसू नका. तुमचा दावा ‘इतके टक्के ट्रकमालक असे अनुभवतात’ असा नाही, त्यामुळे त्याला संख्येचा आधार लागत नाही आणि संख्येने तो पक्काही होत नाही. त्याला आधार लागतो तो भिन्नतेचा: ट्रक विकून टाकलेला मालक, ज्याचे कर्ज आधीच फिटले होते तो, मालकी कधीच नसलेला चालक, शक्य झाल्यास एखादा बार्जवरचा खलाशी. यांतल्या कोणाच्या बोलण्याने तुमचे वर्णन बदलावे लागले आणि कुठे, हे परीक्षकांना पान काढून दाखवा.